घामाला वास नसतो : बुटाच्या आतल्या सोलाची गोष्ट

आषाढ-श्रावणात चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या शाळेत गेले, की वर्ग कोठे भरला आहे हे विचारावे लागत नाही. दाराबाहेर भिंतीकडेला काढून ठेवलेले बूटच ते सांगतात. पाऊस लागून राहिलेला, वाटेवर गुडघाभर चिखल, ओढ्याला पाणी. अशा दिवसांत बूट सकाळी ओला, संध्याकाळी ओला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलाच पायांत चढतो. त्यातून जो वास सुटतो त्याचे वर्णन करण्याची गरज नाही.

या वासाबद्दल दोन समजुती सगळीकडे ऐकू येतात. एक अशी, की घामाला वास येतो. दुसरी अशी, की ज्याच्या बुटाला वास येतो तो मुलगा अस्वच्छ. पहिली समजूत चुकीची आहे आणि दुसरी बहुतेक वेळा अन्यायाची. दोन्हींचा उलगडा बुटाच्या आत, पायाखाली जी पातळ पट्टी असते तिच्यात दडलेला आहे. तिला कोणी आतला सोल म्हणतात, दुकानदार इनसोल म्हणतात. ती कशी धुवावी, कशी वाळवावी, हा प्रश्न घरगुती वाटला तरी त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान ही तिन्ही शास्त्रे एकत्र येतात. शिवाय या दोन जिल्ह्यांत हजारो माणसांच्या बाबतीत त्या पट्टीवर पाय वाचणे किंवा गमावणे अवलंबून असते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

वास तयार कोण करतो?

माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. तळहात आणि तळपाय यांवर त्यांची सर्वांत जास्त दाटी असते. तळपायाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्या काहीशे भरतात. पाठीवर किंवा मांडीवर त्या मानाने फारच थोड्या. तळपायाची आणखी एक गंमत आहे. तेथला घाम केवळ उकाड्याने येत नाही, मनावरच्या ताणानेही येतो. परीक्षेच्या हॉलमध्ये तळहात ओले होतात तसेच बुटातले तळपायही होतात. फक्त ते कोणाला दिसत नाही.

हा घाम म्हणजे जवळजवळ नव्व्याण्णव टक्के पाणी. उरलेल्या अंशात मीठ, थोडा युरिया, लॅक्टिक आम्ल आणि अल्प प्रमाणात अमिनो आम्ले असतात. यांपैकी कशालाही तो ओळखीचा वास नाही. पडताळा पाहायचा असेल तर पाय साबणाने स्वच्छ धुवा, पुसा आणि उन्हात पंधरा मिनिटे चालून या. पायाला घाम आलेला असेल, वास मात्र नसेल.

वास तयार करणारे कारखानदार वेगळेच आहेत. आपल्या सर्वांच्या कातडीवर, कितीही आंघोळ केली तरी, जीवाणूंची वस्ती असते. त्यांपैकी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा एक अगदी सर्वसाधारण रहिवासी. घामातील ल्यूसिन नावाचे अमिनो आम्ल खाऊन तो आयसोव्हॅलेरिक आम्ल बाहेर टाकतो. बुटाचा आंबूस, कुबट वास मुख्यतः या आम्लाचा. हे आम्ल बाष्परूपाने सहज उडते आणि आपले नाक त्याच्या बाबतीत इतके तिखट आहे, की अत्यल्प मात्राही त्याला पुरते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या तगरगंठोड्याची जुनी मुळी हुंगून पाहा. त्या उग्र वासातही हेच आम्ल असते.

दुसरा कारखानदार ब्रेव्हिबॅक्टेरियम. तळपायाची मृत कातडी हे त्याचे अन्न. मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून तो सडक्या कोबीसारखा वास असलेला एक वायू तयार करतो. याच जीवाणूचा एक भाऊबंद युरोपात लिंबर्गर नावाचे चीज पिकवण्यासाठी मुद्दाम वापरतात. त्या चीजला पायमोज्यांचा वास येतो अशी तेथे थट्टा केली जाते. ती थट्टा रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे.

पट्टीतली वसाहत

पाय आपण रोज धुतो. मग वास येतो कोठून? तो बुटात मुक्कामाला राहिलेला असतो. आतला सोल फोमचा, कापडाचा, पुठ्ठ्याचा किंवा कातड्याचा असतो आणि या प्रत्येकात बारीक छिद्रे असतात. पाऊल पडले की छिद्रे दाबली जातात, उचलले की उघडतात. म्हणजे प्रत्येक पावलागणिक घाम, मीठ आणि कातडीचे सूक्ष्म कण पंपाने ओढावेत तसे आत ओढले जातात. वरून पायाची ऊब आहे, चारही बाजूंनी काळोख आहे, वारा नाही. जीवाणूंना याहून काय हवे?

त्यांच्या गरजा तीन : अन्न, ऊब आणि पाणी. अन्न पूर्णपणे काढून घेणे अशक्य, कारण कातडी रोज झडतच राहणार. बूट पायात आहे तोवर ऊबही राहणार. आपल्या हातात खऱ्या अर्थाने तिसरीच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. सोल कोरडा झाला, की जीवाणू मरोत न मरोत, त्यांचा धंदा बंद पडतो. म्हणूनच आतला सोल सुगंधी कसा करावा यापेक्षा तो कोरडा कसा करावा, हा प्रश्न महत्त्वाचा. अत्तरे, पावडरी आणि फवारे यांच्या जाहिराती नेमके हेच विसरायला लावतात.

मे महिना आणि जुलै महिना

चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाण्याचे तेथे कोणालाही नवल वाटत नाही. अशा दिवशी धुतलेला सोल दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. तोच सोल जुलैत दोन दिवस दोरीवर लटकत राहिला तरी हाताला दमट लागतो. ‘ऊन नाही म्हणून’ हे उत्तर अर्धे झाले. उरलेले अर्धे आकड्यांत पाहू.

हवा किती बाष्प सामावून घेऊ शकते हे तिच्या तापमानावर ठरते. ४५° से. तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ६५ ग्रॅम बाष्प मावते. मे महिन्यातल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे असे समजा. म्हणजे त्या हवेत १० ग्रॅमच्या आसपास बाष्प आहे आणि आणखी ५५ ग्रॅमना जागा आहे. आता जुलै घ्या. तापमान २७° से. या तापमानाला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ९० टक्के धरली तर २३ ग्रॅमहून थोडे अधिक बाष्प आधीच आत बसलेले आहे. उरलेली जागा अवघी अडीच ग्रॅमची! म्हणजे पाणी उचलण्याची मेमधल्या हवेची ताकद जुलैच्या हवेच्या वीसपट झाली.

याच हिशेबातून पावसाळ्यातली युक्तीही निघते. २७ अंशांची तीच दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात एकूण जवळजवळ ४० ग्रॅम बाष्प मावू शकते. आत २३ ग्रॅम आहेच. म्हणजे १६ ग्रॅमना जागा झाली. केवळ आठ अंश तापमान वाढवले आणि हवेची ताकद सहापट झाली. स्वयंपाकघरात चुलीपासून दोन-तीन हात दूर, धुराच्या वाटेत येणार नाही अशा बेताने, दोरीवर सोल टांगण्याची आपल्या आयाबायांची पद्धत या गणितावर पक्की उतरते. मात्र चुलीच्या काठावर किंवा निखाऱ्याजवळ सोल ठेवू नये. फोम उष्णतेने आकसतो, वाकडा होतो, डिंक सुटतो आणि कातडे कडक होऊन तडकते. वीज असेल तर पंख्याखाली ठेवावा. पंखा हवा तापवत नाही. पण सोलाला चिकटून बसलेला बाष्पयुक्त हवेचा थर हटवून तेथे नवी हवा आणतो.

शिक्षकांना वर्गात सहज करून घेता येईल असा एक प्रयोग येथे सुचवतो. बुटातून सुटा निघणारा सोल सकाळी शाळेत आल्यावर प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला. शाळा सुटताना पुन्हा तोला. जो फरक येईल तो दिवसभरात सोलाने प्यालेला घाम, आणि पावसात भिजला असेल तर पाऊससुद्धा. आता एका मुलाने आपला सोल रात्रभर बुटातच ठेवावा, दुसऱ्याने बाहेर काढून उभा ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तोला. आठवडाभर आकडे मांडले की आलेखच बोलू लागतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हा प्रयोग करून दोन्ही आलेख शेजारी ठेवले, तर सापेक्ष आर्द्रता वेगळी शिकवावी लागणार नाही.

धुण्याची रीत

पहिले काम, सोल बुटाबाहेर काढणे. घरोघरी नेमके हेच होत नाही. बूट उन्हात ठेवतात, पण सोल आतच. बुटाच्या पुढच्या बंद भागात हवा खेळत नाही, त्यामुळे वरून बूट तापतो आणि आत दमटपणा तसाच राहतो.

सोल कशाचा आहे ते पाहा. फोमचा किंवा फोमवर कापड चढवलेला असेल तर धुता येतो. कोमट पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर विरघळवून त्यात पाच-दहा मिनिटे बुडवावा आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने, टाचेच्या आणि बोटांच्या जागी विशेष, घासावा. मग साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावा. सोलात उरलेला साबण घामात विरघळून कातडीला झोंबतो. पिळू नये, पिळल्याने फोम फाटतो. जुन्या पंचात गुंडाळून वरून दाबावा, पाणी पंचात उतरते.

कातडी सोल पाण्यात बुडवू नये. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा. स्वस्त शाळेच्या बुटांत बहुधा पुठ्ठ्याचा सोल डिंकाने चिकटवलेला असतो. तो निघत नाही आणि भिजला की फुगतो. तोही फक्त पुसावा आणि बुटात वर्तमानपत्राच्या कागदाचे बोळे कोंबून ठेवावेत. कागदाच्या तंतूंमधल्या सूक्ष्म फटी केशाकर्षणाने पाणी ओढतात. बोळे तास-दोन तासांनी बदलायला हवेत. एकदा भरून सकाळी काढले तर ओला कागद बुटात कोंडून ठेवल्यासारखेच होते.

एक गोष्ट जरा उलटी वाटेल. भर पावसाळ्यात सोल वारंवार धुणे हितकारक नाही. धुतल्यावर एका दिवसात वाळण्याची खात्री नसेल तर आपण जीवाणूंना पाणीच पुरवले असे होते. त्या दिवसांत धुणे कमी आणि वाळवणे रोज, हे बरे. उन्हाळ्यात मात्र खुशाल आठवड्याला धुवावा. मेच्या उन्हात कोरडेपणा, उष्णता आणि सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण मिळून बऱ्याच जीवाणूंचा निकाल लावतात. चार-पाच तास पुरेत. फोम आणि रबर रोज कडक उन्हात ठेवले तर ठिसूळ होतात.

आता खायचा सोडा. रात्री चमचाभर सोडा सोलावर पसरून सकाळी झटकून टाकावा. सोडा वास झाकत नाही, वासाचे रूपच बदलतो. आयसोव्हॅलेरिक आम्ल आणि सोडा यांच्या क्रियेने क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हा क्षार बाष्परूपाने उडत नाही आणि जे उडत नाही ते नाकाला कळत नाही. वर्गात दाखवायचे तर बशीत थोडे व्हिनेगर घ्या. त्यातले ॲसिटिक आम्ल आपल्या बुटातल्या आम्लाचेच लहान भावंड आहे. त्यात सोडा टाका. फेस शमल्यावर हुंगा. तिखट वास गेलेला असेल. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सोल साफ करण्याचा सल्ला अनेकजण देतात, त्यातला फोलपणाही या प्रयोगातून दिसतो. फेस छान येतो, पण दोघांनी एकमेकांना संपवलेले असते. सोलासाठी कोणी शिल्लक राहत नाही. धुण्याचा सोडा मात्र वापरू नये, तो कातडीला फार तीव्र आहे.

लाकडी कोळशाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून बुटात ठेवले तर थोडा उपयोग होतो. लाकूड जळताना त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्यांच्या भिंतींवर वायूंचे रेणू चिकटून राहतात. चंद्रपूरच्या खाणींतला दगडी कोळसा या कामाचा नाही, हे सांगायला हवे. तेथे कोळसा म्हटला की तोच आधी डोळ्यांपुढे येतो! गवती चहाची पानेही काहीजण बुटात ठेवतात. जपानी संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिट्रल आणि त्याच्या जातीची काही सुगंधी द्रव्ये आयसोव्हॅलेरिक आम्लाची निर्मिती रोखतात असे दिसले. गवती चहाच्या तेलात मुख्यतः सिट्रलच असते. पण ते प्रयोग शुद्ध द्रव्यांचे होते. बुटातल्या दोन पानांकडून तेवढी अपेक्षा धरू नये, आणि ओली पाने तर मुळीच ठेवू नयेत.

सोल शीतपेटीत ठेवण्याचाही एक उपाय सांगतात. गारठ्याने जीवाणू मरत नाहीत, झोपतात. पायाची ऊब लागली की उठतात. याहून वाईट उपाय डांबराच्या गोळ्यांचा. त्यांतील नॅप्थलीन वास नुसता दडपते आणि त्याची वाफ शरीराला चांगली नाही. काही माणसांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते. त्यांच्या रक्तपेशी नॅप्थलीनने फुटू शकतात. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत ही उणीव आढळते. तेव्हा मुलांच्या बुटांत डांबराच्या गोळ्या नकोत.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र कात्रीचा आहे. बुटांचे दोन जोड सर्वांना परवडत नाहीत; सोलांचे दोन जोड कोणालाही परवडतात. जुन्या घोंगडीच्या किंवा जाड सुती कापडाच्या तुकड्यावर मूळ सोल ठेवून खडूने रेघ मारा, कापा, दोन पदर एकत्र शिवा. एक जोड बुटात, एक दोरीवर. आश्रमशाळेत राहणाऱ्या, एकाच बुटावर वर्ष काढणाऱ्या मुलाला हे सहज जमण्यासारखे आहे. बूट तंग होत असेल तर मूळचा सोल काढून ठेवून हा घालावा. मोजे रोज धुवावेत, हे वेगळे सांगायला नको. आणि रात्री बाहेर वाळत ठेवलेले बूट सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय पायांत घालू नयेत. अंधारी, उबदार जागा विंचवालाही आवडते.

डासालाही तो वास कळतो

गडचिरोली म्हटले की हिवतापाचा विषय निघतोच. महाराष्ट्रातील हिवतापाचे खूप रुग्ण वर्षानुवर्षे या जिल्ह्यात सापडत आले आहेत. पायाचा वास आणि हिवताप यांचा संबंध नेदरलँड्सच्या संशोधकांनी जोडून दाखवला. आफ्रिकेतला ॲनॉफेलीस गँबिई हा डास बसलेल्या माणसाच्या पावलांना आणि घोट्यांना अधिक चावतो आणि पाय जंतुनाशक साबणाने धुतले की चावे दुसरीकडे वळतात, असे त्यांना आढळले. बार्ट नॉल्स यांनी १९९६ साली दाखवले, की हा डास लिंबर्गर चीजच्या वासाकडेही धावतो. या कामाला २००६ साली इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळाले. ते आधी हसायला लावणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी असते. हा डास भारतात नाही. आपल्याकडे हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफेलीसच्या जाती वेगळ्या आहेत. त्यामुळे सोल धुतला म्हणून मच्छरदाणी सोडू नये.

ओल कातडीचे काय करते?

धानाच्या रोवणीचे दिवस आले, की पूर्व विदर्भात घराघरांत चिखल्या होतात. दिवसभर बांधीत उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, लिबलिबीत होते, मग तिला भेगा पडतात. अशा भिजून मऊ झालेल्या कातडीत बुरशी आणि जीवाणू सहज शिरकाव करतात. रोवणीहून आलेल्या मुलाने बेचक्या न पुसता दमट बुटात पाय घातला, तर शेतातले काम बुट पुढे चालवतो. खाणकामगारांचे गमबूट आणि ओढे-नाले ओलांडत फिरणाऱ्या वनरक्षकांचे बूट यांचीही हीच कथा. काहींच्या तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि भयंकर वास येतो. ते काम कायटोकॉकस सेडेंटेरियस नावाच्या जीवाणूचे; तो कातडीतले केराटिन विरघळवतो. यावर औषध आहे. बुरशीचे बीजाणू सोलात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसत्या पायाला मलम लावून भागत नाही. मोजे ६०° से.च्या गरम पाण्यात धुवावेत आणि सोल बदलून टाकलेला चांगला. दुसऱ्याचे बूट घालणे तेवढ्यापुरते टाळावे.

ज्या पायाला घामच येत नाही

आता सुरुवातीला राहिलेल्या गोष्टीकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे केले. त्यांच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. आजही राज्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण जेथे अधिक आढळतात त्या जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि औषधे मोफत मिळतात. पण उपचार उशिरा सुरू झाले तर जंतूंनी पायाच्या मज्जातंतूंची केलेली हानी भरून येत नाही. पाऊल बधिर राहते. घर्मग्रंथींना आज्ञा देणारे तंतूही निकामी होतात, म्हणून अशा पायाला घाम येत नाही. कातडी कोरडी पडते आणि तडकते.

बुटात शिरलेला खडा तुम्हांला दुसऱ्याच पावलाला कळतो. बधिर पाय त्याच खड्यावर दिवसभर चालतो. संध्याकाळी तेथे जखम असते आणि ती दुखत नसल्याने माणूस दुसऱ्या दिवशीही तिच्यावरच चालतो. कुष्ठरोगात मांस आपोआप झडते अशी पूर्वी समजूत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले, की बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नसल्याने झालेल्या इजा, चटके आणि त्यांत शिरलेले जंतू यांमुळे ती जातात. हे ध्यानात आल्यावर उपाय औषधाच्या बाटलीबाहेरही शोधता येऊ लागला. तो बुटाच्या आतल्या सोलातच सापडला.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. ६० किलो वजनाच्या माणसाचा भार टणक सोलावर पावलाच्या हाडांच्या उंचवट्यांखाली मिळून ५ चौरस सेंटिमीटरवर आला असे समजा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १२ किलो भार झाला. सोल मऊ असेल आणि भार ६० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर तोच एक किलोवर येतो. यासाठी सूक्ष्म बंद पोकळ्यांनी भरलेले मऊ रबर वापरतात. एम. सी. आर. चपला म्हणतात त्या याच. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात त्या गरजू रुग्णांना मोफत दिल्या जातात. या चपलेला खालून काटा शिरू नये म्हणून टणक तळ असतो, बधिर पायातून ती निसटू नये म्हणून मागे पट्टा असतो, आणि खिळा एकही नसतो.

या सोलाची निगा आपल्या सोलाहून वेगळी. तो वासासाठी धुवायचा नसतो, पाहण्यासाठी धुवायचा असतो. रोज संध्याकाळी त्यावरून हात फिरवायचा, आणि स्वतःचा हात बधिर असेल तर घरातल्या मुलाने फिरवायचा. बाभळीचा काटा, खडा, सोलात रुतलेली काच शोधायची. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायचा, कारण कडक उन्हाने रबर लवकर म्हातारे होते. पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटे बुडवून, जाड झालेली कातडी हलके घासून, ओलसर असतानाच त्यावर तेल लावायचे. जो ओलावा आपल्या पायातून घालवायचा तो येथे टिकवायचा. आणि अशा कोरड्या पायाच्या सोलाला कधी वास येऊ लागला, तर सोडा टाकून भागायचे नाही. तो वास बहुधा जखमेतल्या पुवाचा असतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायला हवे.

एम. सी. आर. चपला वेगळ्या दिसतात म्हणून लोक ओळखतील या भीतीने कित्येक रुग्ण त्या घालतच नसत. त्यामुळे नेहमीच्या सँडलसारख्या दिसणाऱ्या चपलांत हेच रबर बसवण्याचे प्रयत्न झाले. उपचार सुरू असलेल्या किंवा पुरे केलेल्या माणसाची चपला उचलण्यात, पुसण्यात कसलाही धोका नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसांनाही अशाच मऊ सोलाची आणि रोजच्या तपासणीची गरज असते, आणि अशी माणसे आता गावोगावी आहेत.

सोल केव्हा बदलावा हे ओळखण्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सोल दाबावा. चांगले मऊ रबर साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबते आणि सोडताच पूर्ववत होते. टाचेखाली किंवा अंगठ्याच्या मुळाखाली ते दबेनासे झाले, किंवा दबून तसेच बसले, की वरून कितीही स्वच्छ दिसत असले तरी त्या सोलाचे काम संपले.